साठाचं दळण पंचेचाळिसात

१

“आधी गाडी परत काट्यावर घ्या. मग भांडा.”

हा आवाज माझ्या वडिलांचा. निफाडकडच्या एका साखर कारखान्यात ते वजनकाट्याच्या खिडकीत बसायचे. उसाच्या गाड्यांची रांग लांबवर गेलेली असायची, बैल माना हलवत उभे असायचे, आणि मधेच कुणीतरी वजन कमी भरलं म्हणून ओरडायला लागायचं. मग कुणी कुणाला चोर म्हणायचं, कुणी कुणाची आई काढायचं. त्या गलक्यात खिडकीतून हा आवाज यायचा. चढा नाही, रागाचा नाही. वासराला हाक मारावी तसा. निवृत्ती बोरस्ते जाऊन फार वर्षं झाली. पण माझ्यासमोर कुणी कुणाला खोटारडा म्हणालं, की तो आवाज मला अजून ऐकू येतो.

अमित शिरसाठनं तो शब्द चहा यायच्या आधीच वापरला.

“खोटारडा निघाला, मॅडम. आणि मी त्याला भाऊ मानत होतो.”

इंदिरानगरात खाली सलून आणि वर एक लांबट खोली, असं अमितचं ऑफिस. मी पूर्वी कॉलेजात संगणक शिकवायचे. आता लोकांनी केलेल्या कार्यक्रमांचा, म्हणजे प्रोग्रॅम्सचा, वेग मोजून देते. हा धंदा सांगितला की समोरचा ‘अच्छा’ म्हणतो आणि पावसापाण्याचं बोलायला लागतो. अमितनं मात्र मला मुद्दाम बोलावलं होतं, कारण मी त्याच्या ओळखीपाळखीतली नव्हते.

त्या खोलीत चार जणांनी मिळून एक भाषा तयार केली होती. बोलायची नव्हे, संगणकाला काम सांगायची. पण सगळे शब्द मराठी. ‘घे’, ‘दे’, ‘जोवर’, ‘नाहीतर’. पेठ-सुरगाण्याकडच्या आश्रमशाळांतली पोरं इंग्रजीच्या उंबऱ्यालाच अडखळू नयेत, एवढाच हेतू. भाषेचं नाव ओवी. आता ओवी संगणकाला थेट कळत नाही. मधे एक यंत्र लागतं. तेही लोखंडाचं नाही, नुसत्या सूचनांचं बनलेलं, आभासी. वरून ओवीचे दाणे टाकायचे, खालून संगणकाला पचेल असं पीठ पडतं. म्हणून त्या यंत्राचं नाव जातं. आणि जातं किती वेगानं फिरतं हे बघायला कार्यक्रमांचा एक ठरलेला गठ्ठा होता, त्याला ही मंडळी दळण म्हणत. जुन्या जात्यावर एका दळणाला साठ सेकंद लागायचे.

बुद्धभूषण गांगुर्डे या त्यांच्यातल्याच एकानं नवं जातं घडवलं आणि सांगितलं, पंचेचाळीस.

शाळांना संगणक देणाऱ्या एका संस्थेपुढे अमितनं हा आकडा मिरवला. संस्थेची माणसं बघायला यायच्या आदल्या दिवशी रोहितनं, म्हणजे त्यांच्यातल्या दुसऱ्यानं, नव्या जात्यावर दळण लावलं. साठ. सगळ्यांना बोलावून पुन्हा लावलं. साठ. बुद्धभूषण म्हणाला, संगणकावरच्या माझ्या खात्यात शिरून लावा, मी तिथेच मोजलं होतं. त्यावर अमित म्हणाला, चोराच्या घरात बसून चोरीचा माल मोजायचा का? आणि त्याला सामान आवरायला सांगितलं. याला महिना झाला होता.

“मग आता मी कशाला?” मी विचारलं.

अमितनं चहाचा कप फिरवत सांगितलं की बुद्धभूषणला एका तंत्रनिकेतनात शिकवायची नोकरी मिळतेय. तिथल्या लोकांनी अमितला विचारलंय, माणूस कसा आहे. अमितला खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायचा धीर होत नव्हता.

“तुम्ही मोजा, मॅडम. तुम्ही जे लिहाल ते मी तसंच पुढे पाठवीन. आकडा बनावट होता असं लिहिलंत, तर तसं.”

नाशिक काही एवढं मोठं गाव नाही. या धंद्यातले सगळे एकमेकांना ओळखतात. माझ्या एका ओळीनं त्या पोराला पुन्हा कुणी संगणकासमोर बसू दिलं नसतं.

“आधी गाडी काट्यावर घेऊ,” मी म्हणाले. अमितला अर्थातच काही कळलं नाही.

२

मोजणीचा संगणक कोपऱ्यात होता. पिवळट पडलेला, आश्रमशाळांत असतात तसला जुना, मुद्दाम आणून ठेवलेला. त्याची देखभाल रोहितकडे. त्यानं माझ्या नावाचं खातं उघडून दिलं, मी नव्या जात्यावर दळण लावलं आणि पडद्याकडे बघत बसले. दळण संपलं की एक ओवी उमटायची. ती बुद्धभूषणनं घातलेली, असं कळलं.

माझ्या दळणाचं पीठ
पडे थोडं थोडं
दाण्याला काय ठावं
खुंटा कोण ओढं

ओवीखाली आकडा आला. साठ. पुन्हा लावलं, साठ. परत लावलं, तरी साठ.

“हलणार नाही तो,” रोहित म्हणाला. त्याच्या बोलण्यात अभिमान होता, आणि तो अभिमान त्याला लपवायचाही नव्हता. संगणकाला एक सवय असते, त्यानं मला समजावलं, मला ठाऊक असलेलंच: कार्यक्रमाला तो दर वेळी जरा वेगळ्या जागी बसवतो, बाहेरच्या चोराला ठिकाण सापडू नये म्हणून. त्यामुळे आकडा थोडा डुलतो. रोहितनं मोजणीसाठी ती सवयच बंद करून टाकली होती. आता कधीही लावा, तोच आकडा.

“बुद्धभूषणही याच संगणकावर मोजायचा?”

“याच. म्हणून तर म्हणतो ना, पंचेचाळीस आलं कुठून?” मग तो जरा थांबून म्हणाला, “माझंही एक नवं जातं होतं, मॅडम. ते बाजूला ठेवलं, त्याचं घेतलं. तुम्हाला वाटेल मी त्यावर टपून होतो. होतो थोडासा. पण साठ मी आणलेले नाहीत.”

मला तो प्रामाणिक वाटला. सरळ उत्तर देणाऱ्या माणसाचा संशय मला लवकर येत नाही, हा माझा दोष असेल.

दळणाचे कार्यक्रम लिहिले होते चौघांतल्या पायलनं. खिडकीजवळ बसायची, केसांना पेन खोचलेलं, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघायची. दळणातच काही खोट आहे का, हे मी तिला खोदून खोदून विचारलं. नव्हती. तिनं सगळं उघडून दाखवलं. मग मी विचारलं, बुद्धभूषण माणूस कसा?  तो डब्यातली चटणी सगळ्यांना वाटायचा आणि स्वतःला उरायची नाही, असलं काहीतरी तिनं सांगितलं. मग म्हणाली,

“मनाला फार लावून घेतो. आम्ही चौघं पांडवलेणीला गेलो होतो, पायऱ्यांवरचा फोटो होता. वर्षभर त्याच्या पडद्यावर तोच. जाताना तोसुद्धा काढून टाकला. नुसता काळा पडदा ठेवून गेला. एवढं काय केलं होतं आम्ही?”

आपण जास्त बोललो असं वाटून तिनं केसातलं पेन काढलं आणि पुन्हा खोचलं.

त्याच्या खात्यात नंतर कुणी शिरलं होतं का, हे मी निघताना अमितला विचारलं. तो म्हणाला, छे, त्याचा संगणक त्याच दिवशी कपाटात ठेवला आणि मोजणीच्या संगणकावरच्या त्याच्या खात्याला कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद मीच दिली होती.

“मग ते उद्या उघडू,” मी म्हणाले. “आधी त्याला विचारून येते.”

३

देवळाली कॅम्पच्या बाजारात जवानांच्या गणवेशाचं सामान विकणारी दुकानं एका ओळीत आहेत. त्यातल्या एकाच्या ओट्यावर बुद्धभूषणच्या आई मंगलाबाई गांगुर्डे शिलाई मशीन घेऊन बसतात आणि छातीवर लावायच्या नावाच्या पट्ट्या भरून देतात. बुद्धभूषण त्यांच्यामागे बसून कापडाच्या पट्ट्या कापत होता. मी जय भीम केला, त्यानं कात्री खाली ठेवून दोन्ही हात जोडले. उंच, सडपातळ, हनुवटीवर चार दिवसांची दाढी.

मी कशासाठी आलेय ते सांगितलं. खोटं बोलणारी माणसं मी पाहिलेली आहेत. ती आकड्याला शेवटपर्यंत चिकटून राहतात. हा मात्र म्हणाला, “लिहून टाका, मॅडम. मीच चुकलो असेन.”

“त्या दिवशी तर म्हणत होतास, माझ्या खात्यात लावून बघा.”

“म्हणत होतो.”

“मग आता?”

“आता नाही म्हणत.”

असं काय झालं मधल्या काळात, हे मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. तो कात्रीकडे बघत राहिला. शेवटी मी साधंच विचारलं, उठताना काय काय केलंस? ते त्यानं सांगितलं. दोन्ही संगणकांवर त्याचा फोटो होता, चौघांचा, तो काढला. अमितदादा पाठ करून फोनवर बोलत होता. रोहित आणि पायल तोवर खाली निघून गेले होते. मग खात्याला कुलूप घातलं, पिशवी उचलली.

“कुणी बघितलं नाही ते बरं झालं,” तो म्हणाला. “राग दिसला असता माझा.”

खातं उघडायला त्यानं हरकत घेतली नाही. नुसतं म्हणाला, कशाला त्रास घेताय. आणि पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन पलीकडच्या दुकानात द्यायला गेला.

तो लांब गेल्यावर मंगलाबाईंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं.

“माझा पोरगा चोर नाय, बाई. कुणी म्हनलं तर मी तिथं जाऊन भांडंन. पन तोच म्हनतो, मी चुकलो. मंग मी कुनाशी भांडू?”

  त्यांनी पुढची पट्टी ओढली, कुणा दक्षिणेकडच्या जवानाचं लांबलचक नाव होतं, आणि त्या हसल्या.

“ह्याचंबी असंच. बापानं नाव ठिवलं बुद्धभूषण. शाळेच्या खिशावर शिवायचं तर पट्टीत मावायचं नाय. अक्षरं सरकवत सरकवत गेलं की शेवटचं नेमकं शिवणीवर यायचं, अन् तिथं सुई अडायची. म्हनलं, नुसतं भूषण लिवते. तर हा रडायला लागायचा. पुरं नाव पायजे.”

बसमध्ये बसल्यावर मला त्याच्या डोळ्यांची आठवण येत राहिली. हरलेल्या माणसाचे नव्हते ते. कुणीतरी विश्वासातलं बोललं आणि त्यानं ते मुकाट मानलं, तसे होते.

४

दुसऱ्या दिवशी अमितनं मालक म्हणून आपली किल्ली वापरून बुद्धभूषणचं खातं उघडलं. आम्ही चौघं पडद्यासमोर उभे होतो. पडदा काळा होता, नुसता काळा.

“अरे, इथे आपला फोटो असायचा,” अमित म्हणाला.

“काढला वाटतं,” रोहित म्हणाला. त्यालाही ते नवीनच होतं.

 पायलची नजर खिडकीबाहेरच्या तारेवर होती.

मी तेच जातं घेतलं, तेच दळण घेतलं, एका अक्षराचा बदल केला नाही. बुद्धभूषणच्या खात्यातून ते सुरू केलं. खाली सलूनमध्ये कुणीतरी मराठी गाणं लावलं होतं, त्याचं धृपद संपतंय न संपतंय तोच पडद्यावर ओवी उमटली. दाण्याला काय ठावं, खुंटा कोण ओढं. तिच्याखाली आकडा.

पंचेचाळीस.

 पुन्हा लावलं. पंचेचाळीस. मग मी माझ्या खात्यात जाऊन तेच लावलं. साठ.

रोहितनं खुर्ची ओढली आणि हळूच बसला. “म्हणजे घ्या,” तो म्हणाला. “खात्यातच काहीतरी लपवून ठेवलंय त्यानं. त्याच्या घरात धावतं, बाहेर चालत नाही. बनावटीला अजून काय पुरावा पाहिजे?”

अमितनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी येऊ बघत होतं. म्हणजे मी त्या दिवशी बरोबर होतो, असं. मला त्याचा राग नाही आला. चूक आपली नाही हे कळायला माणूस किती आसुसलेला असतो.

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याकडेही दुसरं उत्तर नव्हतं. देवळालीच्या ओट्यावर बसलेल्या त्या पोराला वाचवायला आले होते, आणि त्याला अडकवायचा पुरावा मीच माझ्या हातांनी पडद्यावर आणला होता.

५

सकाळी स्वयंपाकघरात मी मांडणीवर डबे लावत होते. शेवटचा डबा दोन खणांच्या मधल्या फळीवर येत होता, बसेना. पलीकडचे सगळे डबे बोटभर सरकवले आणि तो बसला. हात तसाच डब्यावर राहिला. मंगलाबाईंची पट्टी आठवली. शिवणीवर येणारं शेवटचं अक्षर, तिथं अडणारी सुई.

असं काही होऊ शकतं, हे मी कधीतरी वाचलं होतं. परमुलखातली गोष्ट म्हणून सोडून दिलं होतं.

ऑफिसात पोचल्यावर मी अमितला एक कोरं खातं उघडायला लावलं. आत काहीही नाही. फाईल नाही, फोटो नाही. फक्त खात्याचं नाव बुद्धभूषणच्या नावाइतकं लांब. त्यातून दळण लावलं.

पंचेचाळीस.

“इथे कुणी काय लपवलं, रोहित?” मी विचारलं.

रोहित उभा राहिला. मी त्याच्यासमोरच दुसरं कोरं खातं उघडलं, नाव जरा आखूड. वेळ वाढला. आणखी आखूड, आणखी वाढला. माझ्या आणि रोहितच्या नावांइतकं आखूड केलं आणि साठ आले.

मग मी त्यांना सांगितलं. संगणक कुठलाही कार्यक्रम सुरू करताना त्याच्या डोक्यावर एक गाठोडं देतो. कार्यक्रम कुणी सुरू केला, त्याचं घर कुठलं, तो कुठे बसलाय, असल्या गोष्टी त्यात असतात. चालवणाऱ्याचं नाव त्यात एकदा नाही, पुन्हा पुन्हा येतं. गाठोडं मोठं असलं की त्याखालचं सगळं सामान तेवढं सरकतं. संगणकाच्या आठवणीलाही खण असतात, आपल्या मांडणीसारखे. नव्या जात्याला ज्या वस्तू घडोघडी लागतात त्या एकाच खणात बसल्या तर हात एकदा घालावा लागतो. दोन खणांमधल्या फळीवर आल्या, तर प्रत्येक वेळी दोनदा. बुद्धभूषणच्या लांब नावानं त्या सरकून नेमक्या एका खणात बसत होत्या. रोहितच्या आणि माझ्या आखूड नावांनी फळीवर येत होत्या.

“एरवी हे ध्यानात आलं असतं,” मी म्हणाले. “संगणक आपणहून जागा बदलत राहिला असता, आकडा डुलला असता, तुम्हाला शंका आली असती. पण आकडा हलू नये म्हणून तुम्ही ती सवयच बंद केलीत. त्याच्याकडे रोज पंचेचाळीस, तुमच्याकडे रोज साठ. दोघांचाही काटा हलत नव्हता, म्हणून दोघांनाही आपलाच खरा वाटला.”

“म्हणजे मीपण चुकीचं मोजलं,” रोहित म्हणाला.

“बरोबरच मोजलंस. तुझ्या नावापुरतं.”

दुपारपर्यंत आम्ही लहानमोठी कितीतरी नावं घातली, बंद केलेली सवय पुन्हा चालू केली, आणि सगळ्यांची मिळून सरासरी काढली. नवं जातं साठाचं दळण साधारण चोपन्नात दळत होतं. साठात नाही आणि पंचेचाळिसातही नाही. बुद्धभूषणनं जातं खरंच हलकं केलं होतं, त्यानं सांगितलं तेवढं नाही, पण केलं होतं. लबाडी कुणीच केली नव्हती.

अमित भिंतीकडे तोंड करून उभा होता. “मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हणालो,” तो म्हणाला. “एकदा त्याच्या खात्यात लावून बघायचं होतं फक्त. तेवढंच मागत होता तो.”

त्यानं फोन लावला. पलीकडून कुणी उचलला नाही. आणि मी वळून बघितलं तेव्हा पायल खोलीत नव्हती.

६

ती जिन्याच्या वरच्या टोकाला, गच्चीच्या बंद दारापाशी बसली होती. मी तिच्या एक पायरी खाली बसले. माझे गुडघे आता असल्या जागांना तयार नसतात.

“अमितला फोटो काढलेला माहीत नव्हता,” मी म्हणाले. “रोहितलाही नव्हता. बुद्धभूषणनं तो काढला तेव्हा तुम्ही दोघं खाली होतात, आणि लगेच कुलूप लागलं. तू मला परवाच सांगितलंस की पडदा काळा आहे. तो बघायचा तर त्याच्या खात्यात शिरावं लागतं, पायल. अमितची किल्ली तुझ्याकडे नव्हती. म्हणजे बुद्धभूषणनंच तुला आपला पासवर्ड सांगितला.”

ती नाही म्हणाली नाही. बोलली ती तुकड्यातुकड्यांनी. त्या दिवशी तो पिशवी घेऊन खाली उतरला, सलूनच्या दारात तिला गाठलं आणि आपला पासवर्ड सांगितला. म्हणाला, सगळे गेले की एकदा माझ्या खात्यात लावून बघ, दुसऱ्या कुणाला सांगायला तोंड नाही. तिनं लावून बघितलं होतं.

“मग कुणालाच का नाही सांगितलंस?”

पायलनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “पहिला प्रश्न काय आला असता, मॅडम? त्याचा पासवर्ड तुझ्याकडे कसा? अमितदादा माझ्या भावाचा मित्र आहे. संध्याकाळपर्यंत घरी कळलं असतं. त्याच आठवड्यात मला बघायला माणसं येणार होती.”

बुद्धभूषण ऑफिसातला एक मुलगा म्हणून तिच्या घरच्यांना चालत होता. त्याच्या आडनावापुढे त्यांचा विचार जात नव्हता. तिनं हे म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही.

“आली होती माणसं?”

“आली. मी नाही म्हणून टाकलं. आता कुणी काय विचारेल म्हणून भीती नाही. पण आता सांगून तरी काय,” ती म्हणाली. “त्याच्याकडे बघायची हिंमत गेली ना.”

तो आपणच चुकलो असं का म्हणतो, हे मला तोवर पुरतं कळलं होतं. तिनं त्याला काय सांगितलं असेल, ते मी तिला विचारलं नाही. माझ्या अहवालात फक्त मोजणी येईल, तुझं नाव येणार नाही, एवढं सांगितलं. आणि उद्या मी देवळालीला जाणार आहे, तेही.

उठताना मला जिन्याचा कठडा धरावा लागला. तिनं हात दिला नाही; तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

७

सकाळी इंदिरानगरच्या चौकात ती माझ्याआधी येऊन उभी होती. दोघी रिक्षानं देवळालीला पोचलो.

मंगलाबाईंनी पायलला पाहून लगेच ओळखलं, हिचा फोटो आहे ना, म्हणाल्या, आणि तिला बसायला स्टूल पुढे केलं. ती बसली नाही, ओट्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. बुद्धभूषणनं तिच्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि डोळे पट्ट्यांवर लावले. मी अहवाल काढून त्याला वाचून दाखवला. गाठोडं, खण, लांब नाव, चोपन्न सेकंद. आकडा बनावट नव्हता, असं शेवटी लिहिलं होतं. मंगलाबाईंनी मशीन थांबवलं होतं. चोपन्न की पंचेचाळीस, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बनावट नव्हता, एवढंच त्यांनी ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला.

त्यानं कागद माझ्या हातात परत दिला.

“हे पाठवू नका, मॅडम.”

“का रे?”

“तुमचं गणित छान आहे. पण चुकतंय.” तो शांतपणे, वर्गात समजावून सांगावं तसं बोलत होता. “मी निघाल्यावर कुणीतरी माझ्या खात्यात दळण लावून बघितलंय. त्याच संगणकावर, त्याच जात्यावर. साठ आले होते. तुम्ही म्हणता तसं असतं तर पंचेचाळीस यायला हवे होते. नाही आले. म्हणजे आधी माझंच काहीतरी चुकलं होतं, आणि तुम्हाला आता पंचेचाळीस येतात तेही कशाचं तरी चुकीचंच असेल.”

“मी स्वतः लावलं, बुद्धभूषण. पुन्हा पुन्हा लावलं.”

“तुमच्यावर अविश्वास नाही. पण ज्या माणसानं बघितलं ते माणूस माझ्याशी खोटं बोलणार नाही.” त्यानं कुठेही पाहिलं नाही. “माझं नीट व्हावं म्हणून तुम्ही जुळवून आणताय. असला कागद घेऊन मी पोरांपुढे उभा राहू? मोजायचं कसं, हे काय तोंडानं शिकवू? त्यापेक्षा नको ती नोकरी. इथे पट्ट्या कापीन.”

“येड्या, बाई सांगतात ते ऐक की,” मंगलाबाई म्हणाल्या. 

तो ऐकणार नव्हता, हे मला दिसत होतं. माझ्याकडे सगळी मोजणी होती आणि त्याच्याकडे एका माणसाचा शब्द. आणि तो शब्द त्याला माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा, स्वतःपेक्षाही, जड होता. मी कागदाची घडी घातली. रस्त्यावरून लष्कराचा एक ट्रक गेला, ओट्यावरच्या पट्ट्या फडफडल्या, त्यानं त्या तळहातानं दाबून धरल्या.

पायल खांबापासून सुटी झाली. पुढे आली आणि त्याच्यासमोर खाली, जमिनीवरच बसली, म्हणजे त्याला तिच्याकडे बघावंच लागलं.

“भूषण,” ती म्हणाली, “पंचेचाळीसच आले होते. मी तुला साठ सांगितले.”